पे अँड पार्क, बीआरटी, टोल: लोक ‘नाही’ का म्हणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी पुण्यात पायी चालणाऱ्यांच्या आणि बसने जाणाऱ्यांच्या प्रश्नांवर सोसायट्यांमध्ये, प्रभागांच्या बैठकांमध्ये बोलते आहे. सभागृह बदलतं, समोरची माणसं बदलतात, प्रश्न मात्र फिरून तेच येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

वाहतूक सुधारायची कुठलीही योजना आली की लोक विरोध करतात. त्यांना कळत नाही म्हणून का?

नाही. हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. अधिकाऱ्यांच्या बोलण्यात तो फार येतो: ‘लोकांमध्ये जनजागृती नाही.’ पण पुण्याच्या माणसाला बीआरटी म्हणजे काय हे ठाऊक नाही, असं कोण म्हणेल? डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट–कात्रज आणि स्वारगेट–हडपसर या रस्त्यांवर बीआरटीचा, म्हणजे बससाठी रस्त्यात वेगळी लेन राखण्याचा, प्रायोगिक मार्ग सुरू झाला. देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक. बसची लेन मध्येच सुरू व्हायची, मध्येच संपायची. तिच्यात दुचाक्या, रिक्षा, मोटारी बिनदिक्कत घुसायच्या. थांबा रस्त्याच्या मधोमध, पण तिथवर जायला सुरक्षित वाट नाही. माझ्या एका वयस्कर मावशीला मी त्या काळात एका थांब्यापर्यंत सोडायला जायचे. सिग्नल सुटायच्या आत त्यांना अर्धाच रस्ता ओलांडता यायचा. मग दुभाजकाच्या अरुंद कडेवर एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माझा दंड घट्ट धरून त्या उभ्या राहायच्या आणि दोन्ही बाजूंनी गाड्या जायच्या. महिनाभराने त्यांनी बसच सोडली.

‘बीआरटी म्हणजे काय?’ असं मावशींना विचारलं तर त्या हा दुभाजक सांगतील. तीही माहितीच आहे, आणि कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त ठाम. लोक कोऱ्या पाटीने ऐकायला येत नाहीत. आधीचं अर्धवट काम पाहून येतात.

मग माहिती देऊन काय उपयोग?

उपयोग खूप आहे. फक्त कुठली माहिती, केव्हा आणि कोण देतं, यावर सगळं अवलंबून आहे. २०१८ चं पार्किंग धोरण घ्या.

मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेने पार्किंग धोरणाला मंजुरी दिली. आधी स्थायी समिती, मग मुख्य सभा. विरोध एवढा झाला की मुख्य सभेने मंजुरी देताना ते पाच रस्त्यांपुरतं, प्रायोगिक तत्त्वावर राबवायचं ठरवलं. धोरणाचा गाभा साधा होता. जिथे पार्किंगला मागणी जास्त तिथे दर जास्त, जिथे कमी तिथे कमी. म्हणजे तासन्‌तास रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या हलतील आणि कामापुरतं थांबणाऱ्याला जागा मिळेल.

आमच्या सोसायटीत यातलं काय पोहोचलं? ‘आता घरासमोर गाडी लावायलाही पैसे.’ बस, एवढंच. पाच रस्ते कुठले, दर किती, पैसा कुठे जाणार, रहिवाशांचं काय, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मंजुरीची बातमी आणि धोरणाची ओळख लोकांना एकाच दिवशी झाली. त्या दिवशी मीसुद्धा वर्तमानपत्र वाचून वैतागले होते, हे सांगायला हवं. धोरणाचा मसुदा मी पुढे दोन आठवड्यांनी वाचला आणि माझं मत बदललं. पण मसुदा वाचायला दोन आठवडे कुणाकडे असतात? धोरण कागदावरच राहिलं. त्या पाच रस्त्यांवरचा प्रयोगही झाला नाही.

रस्ता आमच्याच करातून झाला. मग त्यावर गाडी लावायला परत पैसे का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला शब्दांनी उत्तर द्यायच्या फंदात मी आता पडत नाही. आम्ही एका रविवारी सोसायटीच्या आवारात खडूने एका चारचाकीची जागा आखली: अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. त्यात सतरंजी टाकली आणि लोकांना बसायला सांगितलं. चौदा जणं मांडी घालून बसली, मधे चहाचा ट्रे ठेवायलाही जागा उरली. मग एका काकांनी स्वतःहून विचारलं, “या भागात एवढी खोली भाड्याने घ्यायची तर किती पडतील?” पुढचा अर्धा तास मला काही बोलावंच लागलं नाही.

कर सगळेच भरतात. ज्याच्याकडे गाडी नाही तोही मालमत्ता कर भरतो, भाडेकरू असेल तर भाड्यातून भरतो. रस्त्याच्या कडेची ती १३५ चौरस फूट जागा मात्र दिवसभर एकाच माणसाच्या ताब्यात राहते, फुकट. आणि तिच्यामुळे जो पायी चालतोय तो फूटपाथ सोडून वाहत्या रस्त्यात उतरतो.

अजून एक तुलना. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचे, म्हणजे पुण्याच्या शहर बसचे, दर वाढले. किमान तिकीट १० रुपये झालं, रोजचा पास ४० वरून ७० रुपयांवर गेला. बसने जाणाऱ्या माणसाने ते भरायला सुरुवातही केली, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. २०१८ नंतर रस्त्यावरच्या पार्किंगला दर लावायचा विषय मात्र कितीतरी वर्षं कुणी हाताळायला धजलं नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या की सभेत जरा वेळ कुणीच बोलत नाही. बसने येणाऱ्या बायकांकडे मग सगळे वळून पाहतात.

पैसे गोळा होतील आणि खड्डे तसेच राहतील. विश्वास का ठेवायचा?

माझ्या मते सगळ्या विरोधाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. याचं महाराष्ट्रातलं सर्वात मोठं उदाहरण कोल्हापूर.

कोल्हापुरात शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर करून घेतले गेले आणि त्या बदल्यात शहराच्या वेशीवर टोल बसला. सगळे पक्ष, तालमी, रिक्षावाले, महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे होती. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द केला.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कोल्हापूरकरांना पैसे द्यायचे नव्हते. पण त्या आंदोलनातला आग्रह नीट ऐका. रस्त्यांवर खरोखर किती खर्च झाला, कामं करारानुसार पुरी झाली का, झालेल्या कामांचं मूल्यांकन करा. हिशोब मागितला जात होता. तिथे विरोध अज्ञानातून आला नव्हता. शहराने कराराचा अभ्यास केला, रस्त्यावर जाऊन अपुरी गटारं पाहिली आणि मग ‘नाही’ म्हटलं. शुल्क लावण्याआधी हिशोब मांडला नाही तर शुल्क लावल्यावर लोक तो रस्त्यावर येऊन मागतात, आणि तेव्हा कुणी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं.

म्हणून पार्किंगचे पैसे ‘महापालिकेच्या तिजोरीत’ जाणार असतील तर मीही साशंक आहे. त्याच रस्त्याच्या फूटपाथवर, त्याच भागाच्या बसवर ते खर्च होणार आणि दर महिन्याचा जमाखर्च त्याच रस्त्यावर फलकावर लागणार, असं लिहून मिळालं तर मी पहिली पावती फाडायला तयार आहे.

आधी कडाडून विरोध आणि नंतर पाठिंबा, असं कुठे खरंच झालं आहे का?

झालं आहे. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हे त्याचं सर्वात चांगलं नोंदलेलं उदाहरण. मला ते भाषणात सांगायला आवडतं, कारण त्यात सगळं गोड गोड नाही.

सुरुवात वाईट झाली. शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर कर लावणार नाही, असं तिथल्या नेतृत्वाने २००२ च्या निवडणुकीआधी सांगितलं होतं. निवडणुकीनंतरच्या राजकीय तडजोडीत तो शब्द मोडला. लोक संतापले. प्रयोग सुरू होण्याआधीच्या पाहण्यांमध्ये जेमतेम एक तृतीयांश लोक बाजूने होते.

मग ठरलं की आधी सात महिन्यांचा प्रयोग, नंतर मतदान. प्रयोगाच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, जादा बस आणि नवे बसमार्ग सुरू झाले. हा क्रम लक्षात ठेवा: आधी पर्याय, मग शुल्क. ३ जानेवारी २००६ पासून मध्यवर्ती भागाच्या १८ प्रवेशमार्गांवर वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर कर सुरू झाला. दिवसाला जास्तीत जास्त ६० क्रोनर, रात्री आणि शनिवार-रविवारी काही नाही. सीमेवरून ये-जा करणाऱ्या गाड्या सुमारे एक पंचमांशाने घटल्या. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण कोंडीचं गणित असं आहे की शेवटच्या थोड्या गाड्याच रस्ता तुंबवतात. त्या कमी झाल्या आणि रांगा विरल्या. मोजणी चालू होती आणि आकडे जाहीर होत होते.

मला सर्वात मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. ३१ जुलैला प्रयोग संपला आणि कर बंद झाला. मतदान १७ सप्टेंबरला होतं. मधल्या सात आठवड्यांत गाड्या पुन्हा वाढल्या. लोकांनी कर असलेलं शहर पाहिलं होतं, आता बिनकराचं शहर पुन्हा पाहिलं. कुठल्याही तज्ज्ञाचं भाषण याची बरोबरी करू शकत नाही. शहरातल्या निम्म्याहून थोड्या जास्त मतदारांनी ‘हो’ म्हटलं. आसपासच्या ज्या पालिकांनी आपापलं मतदान घेतलं, त्यांतल्या बहुतेकांनी ‘नाही’ म्हटलं, हेही सांगायला हवं. १ ऑगस्ट २००७ पासून कर कायमचा झाला आणि पुढच्या काही वर्षांत पाठिंबा वाढतच गेला.

तिथल्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली. गाड्या कमी झाल्या हे मोजणीत स्पष्ट दिसत होतं, पण आपण गाडी कमी वापरतो आहोत हे बहुतेकांना सांगता येत नव्हतं. बदल त्यांच्या रोजच्या जगण्यात इतका सहज मुरला होता.

म्हणजे आधी लादायचं, लोक आपोआप गप्प बसतात, असंच ना?

असा अर्थ काढू नका. अनेक अधिकारी तोच काढतात, म्हणून मुद्दाम सांगते. स्टॉकहोममध्ये प्रयोगाची तारीख, शेवट आणि मतदान हे आधी जाहीर होतं. नको असेल तर ‘नाही’ म्हणायची वाट उघडी होती. ती वाट होती म्हणून लोकांनी सात महिने दम धरला.

स्वीडनमधल्याच गोथेनबर्गमध्ये जानेवारी २०१३ पासून असाच कर लागला, २०१४ च्या सल्लावजा मतदानात ५७ टक्के लोक विरोधात गेले आणि तरी तो चालूच राहिला. तिथेही नंतर विरोध निवळला. पण मत विचारून ते बाजूला ठेवणं मला पटत नाही. ते करण्यापेक्षा विचारूच नये.

आणि नुसती माहितीपत्रकं वाटून, आधीच मत घेतलं तर?

स्कॉटलंडच्या एडिंबरामध्ये तसं झालं. फेब्रुवारी २००५ मध्ये, काहीच अनुभवण्याआधी, शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावावं का, हे लोकांना टपालाने विचारलं गेलं. योजना दोन कड्यांची होती, एक शहराच्या कडेला, एक मध्यभागाभोवती, आणि दिवसाला दोन पौंड. सुमारे ७४ टक्के लोकांनी नाकारली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की अनेकांना योजना नीट समजलीच नव्हती आणि तिने कोंडी कमी होईल यावर विश्वास नव्हता. गुंतागुंत जेवढी जास्त, तेवढं ‘नाही’ म्हणणं सोपं. मँचेस्टरमध्ये डिसेंबर २००८ मध्ये अशाच शुल्कावरच्या मतदानात जवळजवळ ७९ टक्के विरोधात.

अभ्यासक इथे दोन वेगळ्या गोष्टी मानतात. अनुभवाआधीची तयारी एक, आणि अनुभवानंतरचा स्वीकार वेगळा. पहिलीत माणूस आपलं काय जाणार ते मोजतो, कारण तेवढंच त्याला दिसत असतं.

पुण्यात असा काही प्रयोग झाला आहे का?

तुकड्या-तुकड्यांत झाला आहे. १ नोव्हेंबर २०१२ ला दैनिक ‘सकाळ’च्या पुढाकाराने ‘बस डे’ झाला. रस्त्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बस आल्या आणि एरवी बसमध्ये पाऊल न टाकणारी माणसं चढली. ‘बस वेळेवर आली तर मी जाईन’ हे वाक्य मी त्या दिवसानंतर जितक्यांदा ऐकलं तितकं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बस नेहमीइतक्याच होत्या.

२०२१ पासून दर ११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळते. नगरकर तालीम ते गरुड गणपती चौक हा भाग गाड्यांना बंद असतो. एरवी जिथे खांद्याला आरसा लागतो तिथे लहान मुलं रस्त्याच्या मधोमध बसून रांगोळी काढतात, आजी-आजोबा बाकावर बसतात. फार चांगला उपक्रम आहे. पण एका दिवसाचा अनुभव सणासारखा होतो. सवय बदलायला आणि मत पक्कं व्हायला महिने लागतात, पावसाळा लागतो, दिवाळीची खरेदी लागते. तीन महिने, आधी आणि नंतरच्या मोजणीसह, असा एक रस्ता पुण्याला हवा आहे.

दुकानदार म्हणतात, पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं. त्यांचं चुकतं का?

त्यांची भीती खरी आहे, पोट त्यावर आहे. पण अंदाज तपासायला हवा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या दुकानदारांना विचारलं तर त्यांनी सांगितलं, आमचे ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतात. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलं तर निघाले २२ टक्के. ब्रिस्टलचं सोडा, आपल्या पेठेत मोजा. शनिवारी संध्याकाळी दोन तास दुकानाच्या दारात बसून येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचारायचं: कशाने आलात? एका कापडवाल्यांनी आमच्या सांगण्यावरून हे केलं. आकडा मी इथे देत नाही, एका दुकानाचा तो, त्यावरून शहराचं ठरत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात दुकानासमोर दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची तक्रार त्यांनीच केली. त्यांतली एक त्यांच्या स्वतःच्या कामगाराची होती.

बसला वेगळी लेन दिली की उरलेल्या रस्त्यावर कोंडी होते. डोळ्यांना दिसतं ते खोटं कसं?

खोटं नाही, अर्धं आहे. मोटारीत बसलेल्या माणसाला शेजारची लेन बहुतेक वेळ रिकामी दिसते. मिनिटाला एखादी बस जाते. पण त्या एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात. तुमच्या रांगेत पुढे दिसणाऱ्या चाळीस मोटारींमध्ये तेवढीच असतील. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचं सूत्रच हे आहे: गाड्या नव्हे, माणसं पुढे गेली पाहिजेत. हे सूत्र शहरातल्या किती लोकांपर्यंत पोहोचलं? आमच्या बैठकीत दरवेळी विचारते, हात वर होत नाहीत.

दिल्ली आणि अहमदाबाद यांची तुलना इथे डोळे उघडणारी आहे. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, तोही आधीच गजबजलेल्या रस्त्यावर. पहिल्या दिवसापासून कोंडीची दृश्यं टीव्हीवर. बसमधल्या माणसाचा वाचलेला वेळ कुठल्या कॅमेऱ्यात दिसणार? ऑक्टोबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने या मार्गाविरुद्धची याचिका फेटाळली, तरी शहराचं मत बदललं नाही आणि पुढे तो मार्ग उखडला गेला. अहमदाबादने २००९ मध्ये रुंद, मोकळ्या रस्त्यांपासून सुरुवात केली, ‘जनमार्ग’ असं कुणालाही कळणारं नाव ठेवलं आणि अधिकृत उद्‌घाटनाआधी सुमारे तीन महिने लोकांना फुकट बसू दिलं. मत बनलं ते बसमध्ये बसून. (पुढे अहमदाबादच्याही अडचणी झाल्या, पण सुरुवात त्यांनी राखली.)

पुण्यात २०१५ पासून आलेले ‘रेनबो’ नावाचे बीआरटी मार्ग आधीच्यापेक्षा बरेच सुधारलेले होते. पण नगर रस्त्यावरचा मार्ग नंतर काढून टाकला गेला. तो काढण्याआधी त्या रस्त्यावरून तासाला किती माणसं बसने आणि किती मोटारीने जातात, हा फलक चौकात लागला असता तर चर्चा वेगळी झाली असती. निर्णय कदाचित तोच झाला असता, पण तो सगळं पाहून झाला असता.

उड्डाणपूल आणि रुंद रस्ते हा सरळ उपाय असताना हे सगळं कशाला?

गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतो? दीड दशकही वापरला गेला नाही आणि जुलै २०२० मध्ये मेट्रोच्या कामासाठी पाडला. बांधताना त्यावर कुणी फारसा आक्षेप घेतला नव्हता. उड्डाणपूल डोळ्यांना दिसतो, फीत कापता येते, कुणाकडून काही काढून घेतलं जात नाही. म्हणून त्याला ‘हो’ म्हणायला माहिती लागत नाही.

पण रस्ता रुंद झाला की प्रवास काही दिवस सोपा होतो, म्हणून जास्त लोक गाडी काढतात, लांब राहायला जातात, आणि रस्ता परत भरतो. अमेरिकेतल्या शहरांवरच्या २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की रस्त्यांची लांबी जेवढ्या प्रमाणात वाढते, जवळपास तेवढ्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. हे समजावताना मी पाण्याच्या टाकीचं उदाहरण देते: टाकी मोठी केली की नळ जास्त वेळ उघडा राहतो.

पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त आहेत, हे खरं का?

२०१८ मध्ये ही बातमी देशभर गेली: ३६ लाखांहून अधिक वाहनं, लोकसंख्या सुमारे ३५ लाख. हा आकडा आरटीओकडे नोंद झालेल्या वाहनांचा होता. भंगारात गेलेली, विकून दुसऱ्या शहरात गेलेली वाहनंही नोंदीत राहतात. रस्त्यावर प्रत्यक्ष धावणारी वाहनं त्याहून कमी. मी बसच्या बाजूची आहे, तरी हा आकडा सभेत वापरत नाही. कुणीतरी उठून ही त्रुटी दाखवतं आणि मग आपलं बाकीचं खरं बोलणंही संशयात सापडतं.

सगळी माहिती घेऊनही मी विरोधच केला तर?

तर तो तुमचा हक्क आहे. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचं घ्या. विरोध करणाऱ्या नागरिकांनी नकाशे वाचले, झाडं आणि भूजल यांचा अभ्यास केला, रस्त्याने वेळ किती वाचणार हा हिशोब मागितला. एप्रिल २०२३ मध्ये हजारो लोक टेकडी वाचवायला रस्त्यावर आले. माहिती वाढली की पाठिंबा वाढतो असं सूत्र नाही. चांगली योजना माहितीने उभी राहते, कमकुवत योजना माहितीने उघडी पडते. म्हणूनच काहींना ती आधी द्यायची नसते, असं मला अनुभवाने वाटू लागलं आहे.

ही माहिती मिळवायची कुठून?

माहिती अधिकार कायदा २००५ म्हणजे फक्त अर्ज आणि तीस दिवसांची वाट नव्हे. त्याच्या कलम ४(१)(ग) नुसार, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी वस्तुस्थिती प्रशासनाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. अर्ज न करता. पत्रात या कलमाचा उल्लेख करा, फरक पडतो. मला एका कार्यालयाने तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. चौथ्यांदा हे कलम लिहून नेलं आणि मसुद्याची प्रत मिळाली.

दुसरं, महापालिकेचं अंदाजपत्रक. पदपथ, बस आणि उड्डाणपूल यांच्या तरतुदी शेजारी लिहून काढा, एक संध्याकाळ पुरते. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांमधून अंदाजपत्रकात कामं घेण्याची सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. आपल्या गल्लीचा फूटपाथ त्यात सुचवता येतो.

तिसरं, हरकती-सूचनांची जाहिरात. ती लहान अक्षरांत येते, मुदत ठरलेली असते आणि निघून गेली की कुणी ऐकत नाही. चार घरांनी मिळून वर्तमानपत्रं वाटून घ्या.

महापालिकेने एकच गोष्ट बदलावी असं असेल तर कुठली?

बसथांब्यावर आणि त्या त्या रस्त्यावर फलक लावावा. मराठीत, मोठ्या अक्षरांत: इथे काय होणार, कधीपासून कधीपर्यंत, खर्च किती, तक्रार कुणाकडे, आणि नाही जमलं तर मूळ रस्ता केव्हा परत. मसुद्याची शंभर पानं संकेतस्थळावर टाकून ‘लोकांना कळवलं’ असं होत नाही. भाजीवाल्या मावशी, शाळेच्या व्हॅनचे दादा, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक तिथे पोहोचत नाहीत. मार्च २०२२ पासून काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. गल्लीतली गोष्ट वर सांगणारा आणि वरची गल्लीत आणणारा दुवाच तुटला होता. त्या काळात फलकाची गरज दुप्पट होती.

आमच्या सोसायटीत यावर बैठक घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

धोरणापासून करू नका. ‘पार्किंग धोरण’ म्हटलं की पहिल्या दोन मिनिटांत खोली दोन भागांत विभागली जाते. एक फळा आणा. प्रत्येकाला विचारा: काल घरातून निघाल्यापासून कामावर किंवा शाळेत पोहोचेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि त्यातली नुसतं उभं राहण्यात किती? नावाशिवाय फक्त आकडे लिहा. गाडीवाले, बसवाले, चालणारे, सगळ्यांचे एकाच रकान्यात. घरकाम करायला येणाऱ्या ताईंना आणि वॉचमनकाकांनाही बोलवा, त्यांचे आकडे बहुधा सर्वात मोठे असतील. मग सतरंजी आणि खडू काढा.

चहा मात्र बैठकीच्या मध्यावर ठेवा. शेवटी ठेवला तर निम्मी माणसं आधीच उठतात.